"गेलो" म्हणाली म्हणून तीनदा म्हणून घेतलंस?

पत्र (थोडं छोटं केलंय, गावाचं आणि मुलांची नावं काढलीत):

ताई, मी २६ वर्षांची. पुण्यात नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि दीड वर्षापूर्वी गावी परत आले, सांगलीपासून तासाभरावर तालुक्याचं ठिकाण आहे. एका डॉक्टरांनी त्यांचा हॉल फुकट दिलाय, तिथे दर शनिवारी दुपारी १० ते १४ वयाच्या मुलांचा नाटकाचा क्लास घेते. सुरुवातीला २६ मुलं होती, आता १७ उरलीत. त्यातली तीन-चार सगळं बोलतात, बाकीची भिंतीला टेकून. एक मुलगा अडखळत बोलतो, त्याची वाक्यं कमी करत करत मी दोनवर आणलीत. मागच्या महिन्यात वाचनाला एका मुलीने "मी पाणी आणायला गेले होते" हे वाक्य "मी पानी आनायला गेलो हुतो" असं वाचलं, सगळे खूप हसले, "पोरगा हायस का" म्हणाले. मी तिला तिथेच सुधारलं, तीनदा म्हणून घेतलं. त्यानंतर ती आलेलीच नाही. पालकांना ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला नाटक हवंय. माझं कुठे चुकतंय? क्लास सगळ्यांना आपला वाटावा म्हणून काय करू?

उत्तर:

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मधे दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा ते "क्लासमध्ये घ्यायचे दहा खेळ" छाप झालं म्हणून खोडलं. खेळ तुला माहितीयेत गं, शिकून आलीयेस, माझ्यापेक्षा नवे माहीत असतील. घोळ त्या "गेलो हुतो"मध्ये आहे आणि पत्र वाचल्यापासून मला एकच प्रश्न पडलाय, की तू पण तिथलीच ना? मग पुण्याला जायच्या आधी तू स्वतः काय म्हणायचीस, गेले की गेलो?

कारण तुमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बायका-मुली सर्रास "मी आलो, मी जेवलो, मी जातो" म्हणतात. आजी तशी बोलते, आई तशी बोलते, भाजीवाली तशी बोलते, त्या पोरीने छापलेलं वाक्य वाचताना स्वतःच्या तोंडात बसवून घेतलं एवढंच झालं, आणि खरं सांगू का, नट नेमकं हेच करतो. तू पुण्यात पहिल्या वर्षी असंच काहीतरी बोलून गेली असशील, कुणीतरी फिस्सकन हसलं असेल आणि मग तू ते घासून घासून काढलं असशील. अंदाज आहे माझा, चुकला तर सोडून दे. पण ते "तीनदा" कुठून आलं हे एकदा स्वतःला विचार. पोरं हसली ते हसली, पोरं दोन मिनिटांत विसरतात, पण बाईंनी उभं करून तीनदा म्हणून घेतलं म्हणजे त्या हसण्यावर शिक्का बसला ना.

तर आधी तिचं बघ, बाकी सगळं नंतर. एखाद्या संध्याकाळी तिच्या घरी जा, एकटीच जा, बरोबर क्लासमधली दुसरी पोरं नकोत, खाऊ नको, आणि "सगळे तुझी वाट बघतायत" असलं खोटं तर अजिबात नको. सरळ सांग की मी चुकले, तू वाक्य बरोबर वाचलं होतंस. मुख्य भूमिका देते वगैरे आमिष दाखवू नकोस, पोरांना दया लगेच कळते आणि बाकीच्यांनाही कळते. त्यापेक्षा तुला तिची खरी गरज आहे असं काहीतरी काम घेऊन जा, ते काय ते पुढे सांगते. आणि हो, तिकडे गेल्यावर असंही निघू शकतं की ती रुसलेलीच नाहीये, आईला शनिवारी कामाला जावं लागतं आणि धाकटा भाऊ सांभाळायला घरी कुणी नाही. तसं असलं तर भावालाही घेऊन ये म्हणावं, बसेल सतरंजीवर. किंवा फी थकली म्हणूनही येत नसेल. फीची आठवण तू व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावासकट टाकत नाहीस ना? टाकत असशील तर आजपासून बंद.

आता उच्चारांचं. हे जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आपल्याकडे नाटकाचा क्लास म्हटलं की पहिल्या दिवशी "चटईला टाचणी टोचली", "कच्चा पापड पक्का पापड". मला त्याचं वाकडं नाही, जीभ मोकळी व्हायला चांगलंच आहे ते. पण त्याच्याबरोबर गुपचूप एक दुसरी गोष्ट आत शिरते, ती म्हणजे ज्याचा ण आणि ळ घरूनच बरोबर आलाय तो हुशार आणि ज्याचा न येतो तो मठ्ठ, आणि हे कुणी म्हणत नाही पण दुसऱ्या शनिवारपर्यंत सगळ्या पोरांना पाठ झालेलं असतं. मग भिंतीला टेकून कोण बसतं ते बघ. तुझी भिंतीला टेकलेली पोरं कुठल्या गल्लीतली आहेत, कुठल्या शाळेतली आहेत, एकदा मनातल्या मनात यादी कर. मी इथे बसून सांगते की बोलणारी चारही एकाच प्रकारच्या घरातली निघतील.

स्पष्ट बोलणं आणि "शुद्ध" बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या रांगेतल्या आजोबांना वाक्य ऐकू गेलं का, वाक्याच्या शेवटी आवाज पडला का, श्वास कुठे घेतला, हे सगळं शिकवायचंच, त्यात हयगय नको. पण "पानी" शेवटच्या रांगेत पोचलं तर ते पोचलं. मराठी नाटकाने हे कधीच मान्य करून टाकलंय. गंगाराम गवाणकरांचं "वस्त्रहरण" मालवणीत आहे, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारोंनी प्रयोग केले, लंडनला नेलं, कुणी म्हणालं का आधी पुणेरीत करून आणा? तिकडे पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया भागात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात ती रात्र रात्र चालतात, गावंच्या गावं बैलगाड्या, ट्रॅक्टर करून येतात. तिथल्या नटाला जाऊन सांग बरं ण म्हण म्हणून.

आणि एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा दिसली. आपण बसवतो त्या बालनाट्यांमध्ये गावाकडची भाषा असते, नाही असं नाही, पण ती कुणाच्या तोंडी असते? गड्याच्या, मोलकरणीच्या, नाहीतर विनोदी हवालदाराच्या. राजकन्या, परी, शास्त्रज्ञ, आई, हे सगळे प्रमाण बोलतात. मग घरी तशीच भाषा बोलणारी पोरगी हॉलमध्ये बसून काय शिकते? की माझ्यासारखं बोललं की लोक हसतात. त्यामुळे नुसतं "आपण सगळ्या बोलींचा आदर करतो" असं पोस्टर लावून काही होत नाही, संहितेत शास्त्रज्ञ बाई "गेलो हुतो" म्हणाल्या पाहिजेत, आणि प्रेक्षकांना त्यात गंमत वाटायचं कारणच राहता कामा नये.

तर हे ते काम, ज्यासाठी त्या मुलीची गरज आहे. पुढच्या शनिवारी सगळ्यांना एक वाक्य दे, तेच घे हवं तर, पाणी आणायला गेले होते. प्रत्येकाने ते घरी आजी किंवा आजोबा जसं म्हणतील तसं विचारून आणायचं. तुमच्या भागात काय काय निघेल बघ. गेलते निघेल, गेलो हुतो निघेल, ऊसतोडीला आलेल्या घरातलं पोर असेल तर मराठवाड्याचं निघेल, जत बाजूचं कुणी असेल तर कानडी, तांड्यावरचं असेल तर गोरमाटी, मोहल्ल्यातलं पोर असेल तर दख्खनी. आणि हॉलवाल्या डॉक्टरांचा मुलगा तुझ्या क्लासमध्ये आहेच, त्याच्या घरच्या आजी पण बहुतेक कुठल्यातरी खेड्यातल्याच असतील, त्यांचं वाक्य ऐकून त्यांच्याच नातवाचे डोळे मोठे होतील. सगळी वाक्यं मोठ्या कागदावर लिही. ती मुलगी परत आली असेल तर तिला उच्चार तपासायला बसव, खरोखरच्या अधिकारावर, की "गेलो हुतो" म्हणताना जोर कुठे येतो, हेल कुठे निघतो ते बाकीच्यांना तिने शिकवायचं. मधे मधे तू पण शिक. तू विसरली असशील.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवायची नाही असा काढू नकोस हां, तो दुसरा वेडेपणा झाला. उद्या तिला न्यायाधीश करायचा असेल, बातम्या वाचणारी करायची असेल, तर ती तशी भाषा शिकेल, जसं म्हातारा करताना पाठीत वाकायला शिकतात तसं. आणि डॉक्टरांचा मुलगा शेतकरी करेल तेव्हा तोही शेतकऱ्याची भाषा तितक्याच मेहनतीने शिकेल, "काय वं पावनं" करून टाळ्या घेणार नाही. दोघांनाही मेहनत सारखीच, एवढं सांभाळलं की पुरे.

शिकागोत १९३० च्या दशकात व्हायोला स्पोलिन नावाची बाई बाहेरदेशातून आलेल्या कुटुंबांच्या पोरांबरोबर काम करत होती. घराघरात वेगळी भाषा, एकमेकांशी धड बोलता येत नाही, मग तिने नाटक शिकवायचं ते खेळांतून. आज आपण थिएटर गेम्स म्हणून जे घेतो त्यातले कितीतरी तिच्याकडून आलेत, तुला शिकवलं असेलच. त्यातला जिब्रिशचा खेळ बहुतेक वर्कशॉपमध्ये पोरांना हसवायला वापरतात, पण त्याची खरी ताकद तुझ्यासारख्या क्लासमध्ये आहे. अर्थ नसलेल्या भाषेत भांडा, भाजी विका, डॉक्टरला पोटदुखी सांगा. मी जेव्हा जेव्हा घेतलाय तेव्हा दहा मिनिटांत पारडं फिरलेलं बघितलंय, म्हणजे ज्यांचं सगळं शब्दांवर चालतं ती पोरं खांबासारखी उभी राहतात आणि ज्यांना रोज हातवारे करून, तोंड वेडंवाकडं करून, चुलत्याची नक्कल करून घरात हसवायची सवय आहे ती सुटतात. आपली "च ची भाषा" घे आधी, ती सगळ्यांना येते, तिथून जिब्रिशवर जा.

स्पोलिनबाईंची अजून एक गोष्ट मला सुरुवातीला पटली नव्हती. ती म्हणायची शिक्षकाने नापसंती तर दाखवू नयेच, पण पसंतीही जपून, कारण पोर एकदा शाबासकीवर लागलं की ते खेळायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. मी म्हटलं हे काय, आपल्याकडे आधीच कुणी पोरांना शाबास म्हणत नाही, आणि मी उलट जोरात "आजचा स्टार" फळा सुरू केला, दर आठवड्याला एक नाव, सोनेरी स्टिकर. अडीच महिने चालला. मग एक दिवस येऊन बघते तर सगळे स्टिकर खरवडून काढलेले, नखांनी. कुणी केलं ते मी शोधलं नाही, शोधायला गेले नाही हे एकच शहाणपण केलं मी त्या वर्षी. फळ्यावरची नावं मोजली तर दहा आठवड्यांत चारच मुलांची होती. बाकीची एकोणीस पोरं दर शनिवारी आपलं नाव तिथे नाही हे वाचत होती.

मग शाबास नाही तर काय म्हणायचं? जे दिसलं ते म्हणायचं. "तू दार उघडलंस तेव्हा मला कडी दिसली." "दुसऱ्यांदा हाक मारलीस ती खरी वाटली." आणि हे बाकीच्या पोरांनाही बोलायला शिकवायचं, छान-वाईट हे शब्द महिनाभर बंद, काय दिसलं तेवढं सांगा. पहिल्यांदा सगळे गप्प बसतात, मग येतं.

हसण्याचं सांगते, कारण तू पुढच्या वेळी "कुणी हसायचं नाही" असा नियम करशील अशी मला भीती आहे. नको करू. न हसता नाटक कसलं शिकवतेस. उलट त्यांच्याशी बोल की हसणं दोन प्रकारचं असतं, एकात ज्याच्यावर हसलो तोही आपल्याबरोबर हसतो आणि दुसऱ्यात तो हसत नाही. पोरांना हे लगेच कळतं, त्यांना रोजचा अनुभव आहे. माझ्याकडे एक पद्धत आहे, कुणाचं वाक्य विसरलं, पाय अडकून पडला, चुकून दुसऱ्याचंच वाक्य म्हणाला, की त्याने स्वतः दोन्ही हात वर करून "गेली!" असं ओरडायचं आणि बाकी सगळ्यांनी टाळी द्यायची, क्रिकेटमध्ये विकेट गेल्यासारखी. मी स्वतः मुद्दाम नाही, खरोखरच नावं विसरते, तेव्हा मी पण हात वर करते. मोठ्या माणसाची विकेट पडलेली बघण्यात पोरांना जो आनंद असतो तो विचारू नको.

अडखळणारा मुलगा. त्याची वाक्यं कमी करणं थांबव आज. तुला वाटलं तू त्याला वाचवतेयस, पण त्याने त्यातून काय वाचलं असेल? तो अडखळला की वाक्य पूर्ण करून देऊ नकोस, "दमाने, श्वास घे" म्हणू नकोस, ते त्याला जन्मापासून सगळे सांगतायत. वाट बघ. डोळे त्याच्याकडे ठेव आणि वाट बघ, जितका वेळ लागेल तितका. अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांचं गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना अडखळणं खूप कमी होतं, त्यामुळे समूहाने म्हणायची वाक्यं, पोवाड्याची एखादी ओळ, असं काही असलं तर त्याला मोकळं वाटेल. फक्त कोरसमध्ये कायमचा लपवून ठेवू नकोस. त्याला बाजूला घेऊन विचार की तुला काय करायचंय, एकट्याचं हवंय का, किती हवंय. आणि पात्र अडखळत बोललं तर बिघडतं काय? जगात किती तरी माणसं अडखळत बोलतात, नाटकात मात्र फक्त विनोदी पात्रं अडखळतात. परत तेच बघ, गडी-मोलकरणीचं. (शाळेत, घरी त्याला फार त्रास होत असेल तर स्पीच थेरपिस्टचं पालकांच्या कानावर घाल, ते आपलं काम नाही.)

आता शनिवारची सुरुवात कशी करतेस ते तू लिहिलं नाहीयेस. माझा अंदाज, मुलं येतात, ओळखीची ओळखीच्यांत बसतात, तू मोबाईलमध्ये हजेरी लावतेस, मग गोल करा म्हणतेस. तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. दारात उभी राहा. चपला काढत असतात तेव्हा प्रत्येकाशी एक वाक्य बोल, नावाने. सतरंजी तू घालू नकोस, दर वेळी वेगळ्या चौघांनी घालायची, झाडू पण सगळ्यांनी मारायचा, आणि इथे बारकाईने बघ कारण नाही बघितलं तर झाडू नेहमी ठराविक पोरींच्याच हातात जातो, मुलग्यांच्या जात नाही, आणि कुठल्या मुलींच्या जातो तेही तुला दिसेल.

ओळख करून घेताना फक्त नाव. आडनाव नको, वडील काय करतात नको, कुठल्या शाळेत नको. आडनाव कळलं की आपल्याकडे काय काय कळतं आणि पोरांनाही दहाव्या वर्षी ते कळतं, हे तुला मी सांगायला नको. भूमिका देताना पण तेच. शिवाजी महाराज कोण झाला आणि मावळे कोण, राजकन्या गोरीच का लागते आणि राक्षसीण सावळीच का, गॅदरिंगमध्ये हे इतकं सवयीने होतं की शिकवणाऱ्याला आपण काही ठरवलं असंही वाटत नाही. चिठ्ठ्या टाक. तालमीत भूमिका फिरवत ठेव, आज जो राजा तो उद्या झाड, आणि झाडाला पण काहीतरी हवं असायला पाहिजे, नुसतं हात वर करून उभं राहायला कुणाला आवडतं.

सुरुवातीचे खेळ त्यांच्याच खिशातले घे. मामाचं पत्र हरवलं घे, शिवाजी म्हणतो घे, विषामृत घे. विषामृतमध्ये पुतळा झालेल्याला विचार, तू कोण झालास, कुठे उभा आहेस, झालं, नाटक सुरू. परदेशी नावाचा खेळ सांगितला की जी पोरं शिबिरांना जाऊन आलीयेत त्यांना आधीच येत असतो, मामाचं पत्र सगळ्यांना येतं.

हॉलवाल्या डॉक्टरांचा मुलगा त्या बोलणाऱ्या चारांत आहे असं तू शेवटी ओझरतं लिहिलंस (मी वर पत्रातून ते काढलं), आणि तुला वाटतंय की त्याला आवरलं तर हॉल जाईल. आवरू नकोस त्याला. असं सगळं बोलून टाकणारं पोर बहुतेकदा गप्प बसायला घाबरत असतं. त्याला न बोलायची कामं दे जी अवघड आहेत. आरशाचा खेळ, समोरच्याच्या हालचालीचा आरसा व्हायचं, तेही त्या अडखळणाऱ्या मुलासमोर. एक पूर्ण प्रसंग फक्त ऐकणाऱ्याची भूमिका. हुशार असेल तर त्याला मजा येईल, आणि डॉक्टर विचारायला आले तर सांग, ऐकायला शिकतोय, नटाला सगळ्यात अवघड तेच जातं. ते खोटं पण नाहीये.

एक गंभीर मुद्दा, थोडक्यात पण सोडू नकोस. पोरं मोकळी व्हायला लागली की कधीतरी एखाद्या प्रसंगात घरातलं काहीतरी बाहेर येतं, मारहाण, दारू, कधी त्याहून वाईट. सगळ्यांसमोर तिथे खोदू नकोस, प्रसंग हळूच थांबव, नंतर त्या पोराला एकट्याला विचार, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस कारण ते तुला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८, हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेव. क्लास चालू असताना दार उघडं. खेळात हात धरायचा, खांद्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारायचं आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हे तू स्वतःपासून सुरू कर.

आता ५ नोव्हेंबर. पालकांना नाटक हवंय, ड्रेपरी म्हणजे भाड्याचे पोशाख हवेत, लाईट हवेत, आपल्या पोराचा फोटो हवा. चूक नाही त्यांची, फी भरतात, आणि स्टेजवरचं पोर बघायला कुणाला आवडत नाही. पण तुझ्या हातात असलेल्या दिवसांत पाठ केलेलं तासाभराचं नाटक बसवायला गेलीस तर तुला परत त्याच चौघांना वाक्यं द्यावी लागतील, हे तुलाही माहितीये. म्हणून पालकांना बोलव आणि त्यांना हे सांग, की ५ नोव्हेंबर आपण साजरा करतो तो १८४३ मध्ये आपल्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांपुढे "सीतास्वयंवर" केलं म्हणून, आणि त्या नाटकात पात्रांना आपल्यासारखी लिहून दिलेली वाक्यं पाठ नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट त्या प्रसंगाला धरून स्वतःचं बोलणं आयत्या वेळी बोलायचे. मराठी रंगभूमीची सुरुवातच अशी झाली. मग तुमच्या पोरांनी रंगभूमी दिनाला स्वतःच्या भाषेत आयत्या वेळी बोलून दाखवलं तर ते सांगलीच्या परंपरेला धरूनच झालं की नाही? नाट्यपंढरी म्हणवून घेता ना, घ्या मग. (हे शेवटचं वाक्य तू बोलू नकोस, मी बोलले.)

विषय कुठून आणायचा तर त्यांच्याकडूनच. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरने परी-राक्षस सोडून मुलांचे रोजचे प्रश्न स्टेजवर आणले आणि डॉ. मोहन आगाशेंनी ऐंशीच्या दशकात ते पुण्यात मराठीत आणलं, फक्त तिथे मुलांची कामं मोठे नट करतात. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वंचितांचा रंगमंच सुरू केला तेव्हा वस्तीतल्या मुलांनी आपल्या आयुष्यातले प्रसंग स्वतःच नाटकात आणले. तुझ्याकडे "पाणी आणायला गेलो हुतो" आहे. कोण गेलं, कुठे गेलं, टँकर किती वाजता आला, हंडा कुणी मधे घुसवला, शाळा बुडली का. तुमच्या बाजूच्या अर्ध्या पोरांना यातलं सगळं माहीत असणार आणि उरलेल्या अर्ध्यांच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असेल, ते विचारतील, हे विचारणं पण नाटकात घे. त्या चार बोलक्यांना रांगेत उभं कर, मागे, रिकाम्या कळशा घेऊन. सूत्रधार समूहाने, तिथे अडखळणारा मुलगा हवा असेल तर पुढे येईल. पंचवीस मिनिटं, सतरंजीवरच, पालक गोल बसतील, लाईट नाही. सगळे सतराच्या सतरा बोलले पाहिजेत, अठरावी आली तर अठरा.

आणि एखाद्या पालकाने नंतर येऊन "भाषा जरा सुधारा हो पोरांची" म्हटलं, आणि म्हणेलच कुणीतरी, तर वाद घालू नकोस. विचार त्यांना, शेवटच्या रांगेत ऐकू आलं का?

ता.क. ड्रेपरीवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊन बसली असशील तर कॅन्सल कर. पैसे परत नाही देणार तो, पण त्याच पैशात चार पितळी कळशा मागून बघ, असतात त्यांच्याकडे.